बिजलीच्या मानेवरच्या गाठी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

दुधाचा भरलेला ग्लास गवळ्यांच्या कट्ट्यावर तसाच ठेवून घरी आले. राजवीर मागनं ओरडला, "ताई, दूध इसरलं की!"

विसरले नाही बाबा. बघितलं!

स्कूटी लावायला जागा नव्हती म्हणून आज पिठाच्या गिरणीमागं घातली. तिथं आमच्या गल्लीतला गवळी राजवीर त्याच्या म्हशीला, बिजलीला, घेऊन उभा. एका हातात दावं, दुसऱ्या हातात सिरिंज. तिच्या मानेत खुपसली, दाबली, काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. कापूस नाही, स्पिरिट नाही, काही नाही. माझ्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. तिला तसंच ओढत कट्ट्यावर नेलं आणि खाली बसून धार काढायला लागला. तेवढ्यात तिची कास टरारून आली होती. माणसं ग्लास घेऊन गोल करून उभी. फेस वर आला की "वा!"

मी तिच्या पाठीकडं बघत होते. पाठ कमान होऊन वर आली. शेपूट उचललेली, मागचे पाय फाकलेले, कातडीखाली थरथर. मग जरा सैल. परत कमान. वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी करते मी. कळ आली की पाठ कशी होते हे मला कुणी शिकवायला नको. त्यावरनंच औषधही ओळखलं. आमच्याकडं तेच असतं — बायकांना कळा याव्यात म्हणून. पण आम्ही ते सलाईनमधनं थेंबाथेंबानं सोडतो, शेजारी उभं राहून, पोटावर हात ठेवून. जरा जास्त गेलं तर डॉक्टर आमची सालटी काढतात.

आणि आमचा माज केवढा! कोल्हापुरात पिशवीतलं दूध पितो तो पावणा. आम्ही डोळ्यांदेखत पिळलेलं पितो. पाणी नाही, पावडर नाही, फसवाफसवी नाही. सगळ्यांचे डोळे ग्लासात. म्हशीच्या तोंडाकडं कोण बघतंय?

९ सप्टेंबर

ओट्यासमोरची खिडकी उघडली की खाली राजवीरचा गोठा. इतकी वर्षं त्या खिडकीत भांडी घासते, चहा पिते, फोनवर बोलते. आज नीट बघितलं. वॉर्डात राऊंडला जाते तसं.

बिजलीच्या मानेवर उजव्या अंगाला गाठी. काही जुन्या, घट्ट. एकीतनं लस वाहतेय, त्यावर माश्या. दावं इतकं आखूड की तिला मान खाली टेकता येत नाही. खाली कोबा, त्यावर काडीचंही अंथरूण नाही — गुडघ्यांची कातडी गेलीय. पाण्याची बादली दुपारपर्यंत कोरडी. डोळ्यांच्या कडेला चिकटा. एखादी बाई अशा अवस्थेत ॲडमिट झाली असती तर मी तिच्या नवऱ्याला पॅसेजमध्ये उभा करून झापला असता!

कोपऱ्यात तिचं रेडकू उभं आहे. म्हणजे त्याचं कातडं, आत पेंढा भरलेलं. टोणगा जन्मला. टोणग्याला दूध पाजून करायचं काय, म्हणून राजवीर त्याला दोन घोट घेऊ द्यायचा आणि ओढून बाजूला बांधायचा. रेडकाची हाडं वर आली. श्रावणात एक दिवस उठलंच नाही. मग हे पेंढ्याचं आणून तिच्या तोंडापुढं ठेवलं. काही दिवस ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. मग तिला कळलं. चाटायचं बंद केलं, दूध चोरायला लागली.

म्हणून सुई.

आणि हीच ती बिजली! गेल्या दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत राजवीरच्या गाडीमागं पळत आली, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांचा पट्टा, आणि सगळ्या पेठेनं शिट्ट्या मारल्या. मीही मारली असेल. आठवत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

स्नेहल आली होती बी.पी. तपासून घ्यायला. राजवीरची बायको. नववा लागेल आता. दर रविवारी जिना चढून येते बिचारी, गप्पा मारते, लोणच्याची फोड मागून खाते. तिच्यासमोर काही बोलले नाही.

तिला सोडायला खाली गेले आणि तानूमावशींना विचारलं. राजवीरची आई. नवरा गेल्यावर ह्या बाईनं म्हशींवर पोरगा वाढवला. आम्ही ह्या गल्लीत भाड्यानं आलो तेव्हा आडनाव कळल्यावर चार दारं हळूच लागली होती. ह्या बाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी खरवसाचं ताट आणून दिलं. "म्हस व्यालीया, खावा," एवढंच. म्हणून माझा जीव आहे त्यांच्यावर. म्हणूनच विचारलं.

"मावशी, राजवीर बिजलीला इंजेक्शन देतो का?"

"आमच्या घरात सुई न्हाय, निशा. कुणी सांगितलं तुला?"

"मी बघितलं."

"टॉनिक आसंल. म्हस जरा आजारी हाय."

"आजारी आहे तर कट्ट्यावर कशी आणतो?"

त्या मग गुडघे चोळत बसल्या. गुडघे गेल्यापासून गोठ्याच्या पायऱ्या उतरत नाहीत. दोन वर्षं झाली. उतरवत नाही, का उतरायचं नाही? वर ओसरीत बसायचं, दुधाची किटली आली की मापानं ओतायचं आणि म्हणायचं, आमच्या घरात सुई न्हाय!

जाताना म्हणाल्या, "सुनंचं बाळंतपण तुझ्याच हातानं हां. तुझ्याच दवाखान्यात नाव घातलंय." मी हो म्हणाले.

१६ सप्टेंबर

राजवीरलाच गाठलं. सरळ. म्हटलं, बंद कर हे, नाहीतर मी तक्रार करीन.

हसला! "ताई, तुमी माणसांच्या सिस्टर. जनावराचं आमाला कळतंय. पिढ्या गेल्या आमच्या."

"अरे, रेडकू मारलंस म्हणून ती पान्हा देत नाही."

"मारलं कुठं? मेलं."

फरक आहे म्हणे.

१८ सप्टेंबर

आकारामदादांकडं गेले. ह्याच गल्लीतले गवळी, पलीकडचा गोठा. त्यांच्या म्हशी कट्ट्यावर येतात त्या रेडकासकट. आधी रेडकू पितं, मग धार. लोक कुरकुरतात, "दादा, आमाला बी ठेवा की जरा!" पण ते ऐकत नाहीत. स्वच्छ माणूस. म्हटलं, तुम्ही माझ्याबरोबर चला. गवळ्यानं गवळ्याबद्दल सांगितलं तर पोलीस ऐकतील.

बराच वेळ वैरण तोडत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, तुमचं खरं हाय. पर मला ह्याच गल्लीत म्हशी बांधायच्या हैत की."

झालं. खरं तर सगळ्यांनाच दिसतंय. माझीच तेवढी खिडकी आहे असं नाही.

१९ सप्टेंबर

अर्ज दिला.

प्रसेनजीत काल म्हणाला, "भाड्याचं घर आहे निशा. आणि गल्ली आपली नाही." म्हटलं, म्हैसपण माझी नाही. तो पेपर डोळ्यापुढं धरून बसला. नवरा वाईट नाही माझा. पण घाबरतो, आणि घाबरण्याला शहाणपण म्हणतो.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी आधी खुर्ची दिली. "बोला म्याडम, काय मारहाण?" म्हटलं, हो. "कुणाला?" म्हटलं, म्हशीला. खुर्ची काढून घेतली नाही एवढंच!

मोबाईलवर कायदा काढून दाखवला. सन साठचा. कलम बारा — दूध वाढवायला जनावराला सुई टोचणं हा गुन्हा. त्यांनी वाचलं, परत वाचलं. "आयला, खरंच की!" मग म्हणाले, "पर म्याडम, हितं माणसांच्या केसांचा ढीग पडलाय." गोठ्यामागच्या गटारात मला सापडलेली रिकामी बाटली मी काढून टेबलावर ठेवली. लेबल नसलेली. "ही कुणाची बी आसंल की ओ." व्हिडिओ दाखवला. खिडकीतनं काढलेला, लांबचा. त्यात राजवीरची पाठ आणि म्हशीचं शेपूट.

तरी अर्ज घेतला. म्हणाले, जनावरांच्या डॉक्टरला घेऊन येतो. तुमचं नाव बाहेर जाणार नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

नाव बाहेर जाणार नाही म्हणे! गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून हवालदारांनी पहिली हाक मारली, "तक्रारदार सिस्टर कुठं राहत्यात ओ?" सगळ्या दारांतनं माणसं बाहेर. नवरात्राची गर्दी, मंडळाची पोरं, सगळे.

आणि राजवीरला तर कालच फोन आलेला असणार. सकाळपासनं बघत होते मी, गोठा धुवत होता. चारी म्हशी पाण्यानं लख्ख, बिजलीच्या अंगाला तेल, गाठींवर हळद. खाली ताजा पेंढा. दावं लांब केलेलं. पाण्याची नवी निळी बादली! आणि कोपऱ्यातलं ते पेंढ्याचं गायब. त्या जागी जिवंत रेडकू. आकारामदादांचं. मी ओळखते, त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. म्हणजे माझ्याबरोबर यायला भीती वाटते, आणि रेडकू उसनं द्यायला नाही वाटत.

डॉक्टर तरुण होते. रेडकू बिजलीजवळ सोडायला सांगितलं. तिनं लाथ मारली. ते धडपडत मागं.

"हिचंच ना हे?"

"व्हय सायेब. जरा लाडात आलीया."

सगळी गल्ली हसली. डॉक्टरही हसले.

मी म्हटलं, मानेला हात लावून बघा. त्यांनी लावला. "इंजेक्शनच्या गाठी वाटतायत." राजवीर लगेच — "लसी दिल्या सायेब, लाळ्याखुरकतच्या. सरकारीच." डॉक्टर म्हणाले, "इतक्या?" आणि हवालदारांकडं बघितलं. हवालदारांनी घड्याळाकडं बघितलं. मग तानूमावशींना विचारलं, आजी, घरात सुई-बिई वापरता का?

ओसरीतनं म्हातारीनं मोठ्यानं सांगितलं, "आमच्या घरात सुई न्हाय."

माझ्याकडं न बघता. त्याच तोंडानं मला म्हणाल्या होत्या, सुनंचं बाळंतपण तुझ्या हातानं.

पंचनाम्यात लिहिलं — जनावर सुस्थितीत.

जिना चढताना मागनं कुणीतरी बोललं. आवाज ओळखला, नाव लिहीत नाही. "ह्यांस्नी काय कळतंय जनावरातलं!"

माझा आज्जा शाहूवाडीकडचा. गावात जनावर मेलं की त्यालाच बोलवायचे, ओढून न्यायला. रात्र असो, पाऊस असो, ताटावरनं उठून जायचं. छप्पन सालानंतर त्यानं ते काम सोडलं, तर गावानं त्याला विहिरीवर येऊ दिलं नाही. मेलेलं जनावर ओढायला आम्हाला कळतं. जिवंत जनावराबद्दल बोललो की काय कळतंय!

२७ सप्टेंबर

दाराशी शेणाची पाटी ओतलेली. धुतलं. परत कुणी ओतलं. परत धुतलं.

२८ सप्टेंबर, रविवार

स्नेहल आली नाही.

जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. ती खाली ओसरीत बसली होती, पायांना सूज दिसत होती मला वरनं. मी खूण केली. तिनं मान खाली घातली. राजवीरनं सांगितलं असणार. तानूमावशी मात्र खड्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टरला त्रास नगं द्यायला."

सिस्टर! सहा वर्षं निशा होते मी.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेलो. पांढरी साडी, पंचशील. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. सगळ्यांबरोबर म्हटलं. म्हणताना डोळ्यांपुढं ते पेंढ्याचं रेडकू.

घरमालकांचा फोन. "सिस्टर, राग मानू नका, दिवाळीनंतर दुसरीकडं बघता का? पोराचं लग्न काढलंय, खोल्या लागतील." त्यांचा पोरगा नववीत आहे.

प्रसेनजीत मोबाईलवर खोल्या बघायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. मंडळाच्या आटीव दुधाला दूध राजवीरचं. जास्त लागणार म्हणून आज बिजलीला दुपारीपण सुई. वर चंद्र, खाली केशर-पिस्ते. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी घशाखाली उतरलं नसतं.

११ ऑक्टोबर

पाडव्याची तयारी सुरू. राजवीरनं मोटरसायकलचा सायलेन्सर काढलाय. गाडी फुरफुरवत पुढं आणि बिजली मागं, डांबरी रस्त्यावर. खूर झिजून तळव्याचं लाल दिसतंय. तरी पळते. त्याचा आवाज ऐकला की पळते! लहानपणी त्यानं हातानं भाकरी चारलीय तिला, अजून तो आवाज म्हणजे भाकरी असंच वाटत असेल तिला. मला ह्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तिचाही येतो. लाथ घाल की गं एकदा त्याला!

असल्या सुईच्या दुधानं माणसांना काय होतं, काही होतं का नाही, ह्यावर आमचे डॉक्टरसुद्धा एकमतानं बोलत नाहीत. मला काय, ज्याला प्यायचं त्यानं प्यावं. मी माणसांसाठी तक्रार केलेलीच नाही. हे कुणाला खरं वाटत नाही. आज वॉर्डातली एक सिस्टर म्हणाली, "तुझं त्यांच्याशी भाड्यावरनं भांडण आहे ना?" म्हशीसाठी कोण भांडतंय, काहीतरी वेगळंच असणार!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स्नेहल बाळंत झाली. मुलगी. तीन किलो. दोघी चांगल्या आहेत. आधी हे लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

सकाळी कळा घेऊन आली. मी ड्यूटीवर. राजवीरनं मला बघितलं आणि काउंटरवर म्हणाला, दुसरी सिस्टर द्या. दुसरी होती कुठं? शेवटी तो बाहेर बसला आणि तानूमावशी आत आल्या. आमच्याकडं एका बाईला आत थांबू देतात.

दुपारी कळा मंदावल्या. डॉक्टरांनी सलाईनमधनं औषध लावायला सांगितलं. मी लावलं. थेंब मोजून, हात पोटावर. थोड्या वेळानं स्नेहलची पहिली मोठी कळ आली. पाठ कमान होऊन पलंगावरनं वर उचलली गेली. पायांना थरथर. ओरडली. मग सैल. परत कमान.

तानूमावशी तिचे तळवे धरून उभ्या होत्या. त्यांनी बाटलीकडं बघितलं. "त्या बाटलीत काय घातलंस ग?"

मी सांगायला नको होतं. बाळंतिणीच्या उशाशी असलं बोलतात का! पण सगळे दिवस घशात अडकलेलं होतं. शेणाची पाटी, सिस्टर, सुई न्हाय. तोंडातनं निघूनच गेलं. हळू आवाजात. स्नेहलला ऐकू गेलं नसावं.

"तेच, मावशी. राजवीर बिजलीला टोचतो तेच. इथं थेंबथेंब देतो, मी शेजारी उभी राहते. तिथं सगळं एकदम, मानेत."

परत कळ आली. परत ती पाठ. मावशी पाठीकडं बघत होत्या. डोळा हलवला नाही.

"आन ह्ये किती येळ चालायचं?"

"बाळ होईपर्यंत. मग बंद करतो."

"आन तिला?"

"तिला बाळ कुठलं? तिला संध्याकाळी परत."

त्यांनी तोंडात पदर घातला. एवढंच. बाळ बाहेर आलं, रडलं, मी पुसून त्यांच्या हातात दिलं. नातीकडं बघितलं, आणि मग तिच्या डोक्यावरनं माझ्याकडं. रागानं का कशानं, मला कळलं नाही.

रागानंच असणार. चुकलंच माझं. स्टाफरूममध्ये जाऊन रडले.

१७ ऑक्टोबर

स्नेहलला घरी सोडलं. राजवीरनं अख्ख्या वॉर्डाला बर्फी वाटली. वॉचमनला, मावश्यांना, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना. मला सोडून.

आणि आज वसुबारस! दावणीला परत आकारामदादांचं रेडकू, बिजलीच्या कपाळाला हळदकुंकू, गल्लीतल्या बायका ताटं घेऊन. आई-लेकराची पूजा म्हणे. ती लाथा झाडतेय आणि ह्या हात जोडतायत. मी ओट्यापाशी उभी राहून हसत होते. वेडी झालेय असं वाटलं असेल खालनं.

तानूमावशी पूजेला नव्हत्या. बायका गेल्यावर मात्र बघितलं तर बाई गोठ्याच्या पायऱ्या उतरतायत! बसून, एक एक पायरी सरकत, हातांवर भार देऊन. बाळंतिणीच्या शेगडीला गोवऱ्या हव्या असतील. बघा — गोवऱ्यांसाठी गुडघे चालतात! आत बराच वेळ होत्या. मी खिडकी लावून घेतली.

१९ ऑक्टोबर

हवालदारांचा फोन. "म्याडम, ते म्हशीचं प्रकरण बंद करायचं हाय. सणाचं कशाला लटकवायचं? गुरुवारी येऊन तेवढी सही करून जावा. तक्रार मागं घेतली म्हणून."

म्हटलं, विचार करते.

"विचार काय करायचाय ओ त्यात? पंचनामा झालाय की."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. गल्लीभर फटाके, खाली म्हशी दावी ताणतायत. राजवीरनं बिजलीचे केस भादरलेत, उद्या अंगावर रंगानं नक्षी काढायची म्हणून. केस गेल्यावर मानेवरच्या गाठी उघड्या पडल्या. म्हणून यंदा कवड्यांचा पट्टा हातभर रुंद आणलाय. दुपारी ओसरीत सगळ्यांना दाखवत होता. तानूमावशी म्हणाल्या, "रंगवायचं मी बघतो." पूर्वी त्याच रंगवायच्या, गल्लीत त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. राजवीर खूश. "बघा, नात झाली आन आयचं गुडघं बरं झालं!"

म्हणजे ही बाई आता आपल्या हातानं झाकणार. बरं आहे. झाका.

मी ठरवलं. गुरुवारी सही करून येते. प्रसेनजीतला सांगितलं, तर त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला त्याच्याकडं बघवेना. नवीन खोलीही बघून आलाय तो, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतनं दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते म्हणाला.

तेच बरं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

बाहेर जायचं नाही असं ठरवलं होतं. ओरडा ऐकून खिडकी उघडली.

कोपऱ्यावर राजवीर, गाडी फुरफुरवत. सगळ्या गल्लीच्या म्हशी गेल्या, रंगवलेल्या, मोरपिसांच्या, झुलींच्या. शेवटी बिजली. शिंगांना रंग नाही. पट्टा नाही. दावं तानूमावशींच्या हातात, दुसऱ्या हातात काठी, दर पावलाला थांबत. आणि भादरलेल्या काळ्या मानेवर एका एका गाठीभोवती चुन्याचं पांढरं गोल. केवढे ते गोल! मान भरून गेलेली. मावशींच्या काखेला ते पेंढा भरलेलं रेडकू.

माणसं आधी हसली. नवीन नक्षी समजून मोबाईल काढले. चौकाच्या मधोमध थांबून म्हातारी ओरडली, "नीट बघा! ह्ये रंगकाम माझ्या लेकाचं हाय!"

राजवीरनं गाडी बंद केली. "आये, येडी झालीस का?" म्हणत धावला. तिनं काठी उगारली. मग कुणी हसेना.

मग मान वर करून माझ्या खिडकीकडं — "निशा! लाव फोन त्या हवालदाराला. म्हणावं आत्ता ये. आज म्हस धुतलेली न्हाय."

लावला.